कितीपैकी किती?

आनुवंशिकीच्या पहिल्या अभ्यासक्रमात एक गणित हमखास येतं. आईवडील दोघेही निरोगी आहेत, पण त्यांच्या मुलाला सिस्टिक फायब्रोसिस आहे. हा आजार अप्रभावी आहे. बिघडलेल्या जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडून आणि एक वडिलांकडून, आल्या तरच तो होतो. या मुलाची बहीण मात्र ठणठणीत आहे. ती वाहक असण्याची, म्हणजे तिच्याकडे बिघडलेली एक प्रत असण्याची, शक्यता किती?

बहुतेक विद्यार्थी झटकन ‘निम्मी’ असं लिहून मोकळे होतात. आईवडिलांकडून येणाऱ्या प्रतींच्या सगळ्या शक्य जोड्या मांडणारा पनेट चौकोन पाठ असतो ना! चार घरं: एक पूर्ण निर्दोष, दोन वाहक, एक आजारी. चारपैकी दोन, झालं. पण बहीण ठणठणीत आहे हे प्रश्नातच सांगितलंय. मग आजारी असलेलं चौथं घर तिच्या हिशेबात धरायचंच कशाला? ते खोडलं की तीन घरं उरतात आणि त्यांतली दोन वाहकांची. उत्तर दोन तृतीयांश.

माझ्या मते या अभ्यासक्रमाची किल्ली याच गणितात आहे. मेंडेल शाळेत झालेला असतो, म्हणून हा विषय सोपा जाईल असं वाटतं. शाळेत 3:1 आणि 9:3:3:1 पाठ केलं की भागतं. इथे मात्र अंशापेक्षा छेदाकडे आधी पाहावं लागतं. किती हे नंतर, आधी कितीपैकी.

पिवळ्या उंदरांचंच बघा. 1905 साली फ्रेंच शास्त्रज्ञ ल्युसियाँ क्वेनो यांनी पिवळ्या उंदरांचा पिवळ्या उंदरांशीच संकर केला. पिवळा रंग प्रभावी, म्हणजे एक प्रत असली तरी दिसणारा, तेव्हा पिल्लांमध्ये तीनास एक असं प्रमाण यायला हवं. ते येत होतं दोनास एक. शिवाय ज्याची सगळी पिल्लं पिवळीच होतील असा शुद्ध पिवळा उंदीर काही केल्या मिळेना. पुढे 1910 मध्ये कॅसल आणि लिटल यांनी त्याचा उलगडा केला. पिवळ्या रंगाच्या दोन प्रती मिळालेली पिल्लं गर्भातच मरत होती. चारातलं एक घर जन्माआधीच रिकामं होत होतं. बहिणीच्या गणितात एक घर आपण माहितीच्या जोरावर खोडलं, इथे ते मृत्यूने खोडलं. दोन्हीकडे उरलेल्या तिघांत दोघे मिश्र जोडीचे.

मुळात ही चार घरं येतात कुठून? त्यासाठी अर्धसूत्री विभाजन, म्हणजे बीजपेशी बनताना होणारं पेशीविभाजन, समजून घ्यावं लागतं आणि सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. यावर मला एकच खात्रीचा उपाय माहीत आहे: दोन रंगांच्या लोकरीचे तुकडे घेऊन टेबलावर बसायचं. लाल लोकर आईकडून आलेलं गुणसूत्र, निळी वडिलांकडून आलेलं. विभाजनाआधी प्रत्येकाची प्रत निघते, म्हणून लालला लाल जोडायचा, निळ्याला निळा, आणि मध्ये गाठ मारायची. गाठ एक असेपर्यंत धागे दोन असले तरी गुणसूत्र एकच मोजायचं. एवढं ध्यानात न राहिल्यामुळे कितीतरी गुण जातात. मग लाल जोडी आणि निळी जोडी शेजारी आणायची. पहिल्या विभाजनात लाल एकीकडे आणि निळी दुसरीकडे जाते. गाठी सुटतात त्या दुसऱ्या विभाजनात. आणखी एक लांडी जोडी घेतली की कळतं, लांब लाल कुठेही गेली तरी आखूड लाल तिच्याच बरोबर जाईल असा काही नियम नाही. माणसात अशा 23 जोड्या असतात. नुसत्या या वाटपातूनच एका माणसाच्या बीजपेशींत 83,88,608 वेगवेगळे संच तयार होऊ शकतात.

त्यात शेजारी आलेले लाल-निळे धागे आपले तुकडे एकमेकांत बदलतात. या देवाणघेवाणीतूनच जनुकांचा पहिला नकाशा निघाला. 1911 साली कोलंबिया विद्यापीठात थॉमस मॉर्गन यांच्या फळमाश्यांच्या खोलीत आल्फ्रेड स्टर्टेव्हंट हा पदवीचा विद्यार्थी काम करत होता. एकाच गुणसूत्रावरची दोन जनुकं जितकी दूर, तितकी त्यांच्यामध्ये देवाणघेवाण होण्याची शक्यता जास्त, हे त्याच्या ध्यानात आलं. मग एकूण पिल्लांपैकी किती पिल्लांत जुनी जोडी फुटली, ती टक्केवारी म्हणजेच अंतर! त्या रात्री कॉलेजचा गृहपाठ बाजूला ठेवून त्याने शरीराचा पिवळा रंग, पांढरे डोळे, छोटे पंख अशा गुणांची जनुकं एका रेषेवर क्रमाने मांडली. 1913 मध्ये तो नकाशा छापून आला. तोवर जनुक कशाचं बनलंय हे कोणालाही ठाऊक नव्हतं, तरी त्याचा पत्ता सापडला होता, आणि तोही केवळ मोजणीतून. मला आजही हे विलक्षण वाटतं.

प्रयोगशाळेत फळमाश्या हाताळताना या मोजणीची खरी किंमत कळते. कार्बन डायऑक्साइडने माश्या गुंगवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पृष्ठावर पसरायच्या आणि बारीक कुंचल्याने एकेक बाजूला सारायची. नराच्या पोटाचं टोक काळं आणि बोथट, मादीचं टोकदार आणि पट्ट्यापट्ट्यांचं. संकरासाठी माद्या कोशातून बाहेर आल्यापासून आठेक तासांच्या आतच वेगळ्या काढायच्या, कारण मादी नराचे शुक्राणू साठवून ठेवते. एकदा मीलन झालं की पिल्लांचा बाप कोण हे सांगता येत नाही. अगदी ताजी मादी फिकट दिसते आणि तिच्या पोटाच्या पातळ त्वचेतून एक गडद ठिपका दिसतो. तो ओळखता आला की हात बसला म्हणायचा. साधारण 25 अंश सेल्सिअसला दहा दिवसांत पुढची पिढी हजर होते आणि मग मोजायला बसायचं.

समजा, 80 माश्या मोजल्या आणि तीनास एकची अपेक्षा आहे. म्हणजे 60 आणि 20. प्रत्यक्षात भरल्या 65 आणि 15. प्रयोग फसला का? अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतली तफावत मोजणारी काय-स्क्वेअर कसोटी लावली तर उत्तर येतं सुमारे 1.67. दोनच प्रकार असताना नेहमीची मर्यादा 3.84 असते, तेव्हा एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. आता हेच प्रमाण 800 माश्यांत मिळालं असं धरू: 650 आणि 150. उत्तर येतं 16.7 आणि योगायोगाची सबब टिकत नाही. कदाचित एका प्रकारच्या माश्या कोशातच मरत असतील. टक्केवारी तीच, पण छेद दसपट झाल्यावर निष्कर्ष उलटला. म्हणून वहीत टक्के लिहू नयेत, माश्यांचे आकडे लिहावेत. मेंडेलने तेच केलं होतं. 1866 च्या त्याच्या निबंधात 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेले वाटाणे असे सरळ आकडे आहेत. म्हणूनच इतक्या वर्षांनंतरही ते तपासून पाहता येतात.

हा सुरकुतलेला वाटाणा सुरकुततो का, हे 1990 मध्ये कळलं. स्टार्चच्या साखळीला फांद्या फोडणारं विकर बनवण्याची कृती ज्या जनुकात असते, त्यात डीएनएचा सुमारे 800 अक्षरांचा एक उपरा तुकडा घुसलेला असतो. विकर बनत नाही, स्टार्च कमी तयार होतो, साखर शिल्लक राहते. साखरेमुळे दाण्यात पाणी जास्त शिरतं, दाणा टम्म फुगतो आणि वाळताना तेच पाणी गेलं की साल आकसते. गोल दाण्याला विकर बनवणारी एक चांगली प्रत पुरते, म्हणून गोल प्रभावी. ‘प्रभावी’ या शब्दात जोर नाही, दादागिरी नाही. प्रभावी म्हणजे सर्रास आढळणारं असंही नाही. ‘ओ’ रक्तगट अप्रभावी असूनही कितीतरी लोकांचा असतो, तर हंटिंग्टनचा आजार प्रभावी असूनही विरळा. कुटुंबातलं प्रमाण आणि समाजातलं प्रमाण यांचे छेद वेगळे.

आता त्या बहिणीकडे परत येऊ. तिने लग्न केलं ते अशाच एका निरोगी माणसाशी. त्याचे आईवडीलही निरोगी, पण त्याच्या भावाला हाच आजार. दोघेही वाहक असण्याची शक्यता दोन तृतीयांश गुणिले दोन तृतीयांश, म्हणजे चार नवमांश, सुमारे 44 टक्के. त्यांचं पहिलं मूल आजारी असण्याची शक्यता याच्या एक चतुर्थांश, नऊपैकी एक. त्यांना तीन मुलं झाली, तिन्ही निरोगी. पुष्कळांना वाटतं, तीन निरोगी झाली म्हणजे आता चौथ्यावर पाळी. चौकोन काही पाळ्या लावत नाही. उलट तीन निरोगी मुलं ही नवी माहिती आहे आणि ती हिशेबात घेतली की दोघेही वाहक असण्याची शक्यता 44 वरून 25 टक्क्यांवर उतरते. जनुकं होती तीच आहेत, त्यांच्याबद्दलचं आपलं ज्ञान वाढलं. चौथ्या मुलाचा धोका आता सुमारे 6 टक्के. आणि तरीही ते मूल आजारी जन्मलं, तर दोघेही वाहक आहेत हे सिद्धच होतं, आणि पाचव्या मुलाला धोका असतो चारात एक.