गाडी उचलली, एक्सल तिथेच राहिला

नोव्हेंबर २०१० मध्ये आठ जणांचं भारतीय पथक अंटार्क्टिकावरच्या 'मैत्री' तळावरून मोटारींनी निघालं आणि २२ नोव्हेंबरला दक्षिण ध्रुवावर पोहोचलं. नेते होते रसिक रवींद्र, गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्राचे तेव्हाचे संचालक. दोन हजारांहून जास्त किलोमीटर बर्फ तुडवणाऱ्या त्या गाड्या आइसलंडच्या आर्क्टिक ट्रक्स या कंपनीने तयार केल्या होत्या, आणि मुळात त्या होत्या टोयोटाच्या हायलक्स पिकअप. अंटार्क्टिकासाठी ही कंपनी हायलक्सला ४४ इंची टायर बसवते. कारखान्यातून निघणाऱ्या गाडीचा टायर असतो जेमतेम साडेतीस इंचांचा. तो अगडबंब टायर मडगार्डखाली मावावा म्हणून गाडी वर उचलायची, मडगार्ड कापायचे, चाकं बाहेर काढायची. उंची हा तिथे हेतू नसतो, टायरसाठी मोजलेली ती किंमत असते.

भारतात आधी इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ पासून हायलक्स आल्यावर 'लिफ्ट किट', म्हणजे गाडी उचलायच्या सुट्या भागांचा संच, हा शब्द आपल्याकडेही रुळला. दोन इंच लिफ्ट, तीन इंच लिफ्ट. गाडी रुबाबदार दिसते यात वाद नाही. पण उंच केलेली गाडी जमिनीपासूनही तितकीच उंच झाली, असं बहुतेक मालक धरून चालतात, आणि तिथेच गडबड आहे.

पिकअपचा मागचा एक्सल अखंड असतो. त्याच्या मध्यावर इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटणाऱ्या डिफरन्शियलचा गोळा लोंबतो, आणि दगडाला सगळ्यात आधी तोच लागतो. सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगा आणि शॉक, असतं एक्सल आणि चॅसी (गाडीचा सांगाडा) यांच्या मध्ये. तिथे काहीही घाला, वर जाणार ती चॅसी, केबिन आणि हौदा. एक्सल चाकाच्या मध्यावर टांगलेला, त्याची उंची ठरवणार टायरची त्रिज्या. दुसरं कुणीही नाही.

आकडेच घेऊ. हायलक्सला येणाऱ्या २६५/६५ आर १७ मापाच्या टायरचा व्यास होतो सुमारे ७७६ मिलिमीटर. त्याजागी २६५/७० घातला तर ८०३. म्हणजे त्रिज्या वाढली १३ मिलिमीटर, डिफरन्शियल वर गेलं १३ मिलिमीटर. ५० मिलिमीटरच्या किटने त्यात काडीची भर पडत नाही. २८५/७० घातला तर २७ मिलिमीटर मिळतात, शिवाय स्पीडोमीटर सात टक्के कमी दाखवू लागतो. आणि ४४ इंची टायर? १७१ मिलिमीटर. आइसलंडवाल्यांनी गणित बरोबर उलट्या बाजूने मांडलंय.

त्यातही त्यांना टायर हवा असतो तो मुख्यतः हवा काढून चालवायला. टायर जमिनीवर किती पसरतो हे ढोबळमानाने त्याच्यावरचं वजन भागिले आतला दाब. एका चाकावर ७५० किलो आणि दाब ३० पीएसआय असेल तर जमिनीला टेकलेला भाग साडेतीनशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतो. दाब ४ वर आणला की तोच सव्वीसशेच्या पुढे जातो आणि गाडी भुसभुशीत बर्फात बुडायची थांबते. वाळूलाही हाच नियम लागू आहे. तिथे हवा कमी करणं फुकट असतं आणि लिफ्टपेक्षा जास्त कामाला येतं, हे किट विकणारा बहुधा सांगत नाही.

मग नुसत्या लिफ्टने काहीच मिळत नाही का? मिळतं. पुढचा बंपर, मधलं पोट आणि मागच्या चाकांपलीकडचा भाग वर जातात, त्यामुळे चढ सुरू होताना नाक घासत नाही आणि उंचवट्यावर पोट टेकत नाही. घाटातल्या कच्च्या रस्त्यावर हा फरक जाणवतो. बाकी सगळा हिशेब देण्याचा आहे.

पुढच्या चाकांपासून सुरुवात करू, कारण गुंता तिथे जास्त आहे. पुढे चाकाला चॅसीशी जोडणारा वर एक आर्म, खाली एक आर्म, आणि खालच्या आर्मवर उभा असलेला स्प्रिंग-शॉकचा जोड. हा जोड चाकाशी नसतो, आर्मच्या साधारण मध्यावर असतो. दार बिजागरीजवळ बोटभर ढकललं तरी कडेला वीतभर हलतं, तसंच इथे. म्हणून शॉकच्या डोक्यावर २५ मिलिमीटरची चकती घातली की गाडी त्याच्या जवळजवळ दुप्पट उचलली जाते. चकती स्वस्त, काम एका दुपारचं, त्यामुळे ती लोकप्रिय आहे. पण चकतीमुळे अख्खा जोड खाली सरकलेला असतो. चाक खड्ड्यात पूर्ण लटकलं की ते आता कारखान्याने ठरवलेल्या मर्यादेच्याही खाली जातं, आणि आर्मच्या टोकाचे बॉल जॉइंट व चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचे सांधे त्यांच्या शेवटच्या कोनापर्यंत वाकतात.

दुसरा मार्ग म्हणजे आटे असलेला शॉक घेऊन त्याची कॉलर फिरवायची आणि स्प्रिंग आधीच दाबून ठेवायची. यातून एक गैरसमज जन्माला येतो, की दाबल्यामुळे स्प्रिंग कडक झाली. हुकचा नियम सांगतो की साध्या स्प्रिंगचं बल तिच्या दबण्याच्या प्रमाणात असतं आणि ते प्रमाण तारेच्या जाडीवर, वेटोळ्यांच्या व्यासावर आणि संख्येवर ठरतं. कॉलर फिरवल्याने यातलं काहीच बदलत नाही. गाडीचं वजन तेवढंच, म्हणून स्प्रिंगही शेवटी तेवढीच दबते, फक्त वरच्या पातळीवर उभी राहून. बदलते ती चाकाची वाटणी. समजा चाकाला एकूण २०० मिलिमीटरची हालचाल आहे, शंभर वर आणि शंभर खाली. ५० ने उचललं की दीडशे वर, पन्नास खाली. खड्डा आला की चाक पन्नासातच संपतं, शॉक ताणून ठोकतो आणि टायर हवेत राहतो. मालक म्हणतो, सस्पेन्शन कडक झालं. खरं तर चाकाला खाली जायला जागाच उरलेली नसते.

चाक खाली गेलं की वरचा आर्मही खाली झुकतो, त्याचं टोक गाडीच्या आत ओढलं जातं आणि कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा आत-बाहेर कल) व कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे असलेला कल) दोन्ही बिघडतात. कॅस्टर कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ व्हायची सवय सोडतं, महामार्गावर गाडी तरंगल्यासारखी वाटते. अलाइनमेंटवाला मूळच्या बोल्टांनी ठरावीक मर्यादेतच ते परत आणू शकतो. त्यापुढे वेगळ्या कोनाचे वरचे आर्म घ्यावे लागतात. स्टिअरिंग चाकाला जोडणाऱ्या टाय रॉडचाही कोन वाढलेला असतो, त्यामुळे चाक वरखाली होताना थोडं वळतंसुद्धा.

फोर बाय फोर असेल तर पुढचे ड्राइव्ह शाफ्ट आले. आतल्या आणि बाहेरच्या सांध्यात समजा ४० सेंटिमीटर अंतर आहे, तर ५० मिलिमीटर लिफ्टने कोन सात अंशांनी वाढतो. सांधा त्याहून कितीतरी जास्त वाकू शकतो, पण सतत वाकलेला राहून फिरणं वेगळं. सांध्यावरच्या रबरी बूटच्या घड्या एकमेकींवर घासतात, फाटतात, ग्रीस उडतं, आत माती जाते. यावर उपाय म्हणून काही किटांमध्ये पुढचं डिफरन्शियल खाली उतरवायचे स्पेसर देतात. म्हणजे जागा मिळावी म्हणून गाडी उचलायची आणि मग मधला गोळा पुन्हा खाली आणायचा!

मागचं काम दिसायला सोपं. पाटे, ते एक्सलला आवळणारे यू-बोल्ट, पाट्याचं टोक चॅसीला टांगणारा शॅकल, बस. एक पाटा वाढवा, किंवा एक्सल आणि पाट्यांमध्ये ठोकळा घाला, किंवा जास्त कमान असलेला अख्खा सेट बदला. शॅकल लांब केला तरी उंची मिळते, पण पाट्याचं एकच टोक वर गेल्याने लांबीच्या निम्मीच, आणि एक्सलही थोडा फिरतो. पाटा वाढवताना जाडी पाहायला हवी, कारण पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ६ मिलिमीटरऐवजी ७ चा पाटा म्हणजे त्या एका पाट्याचा कडकपणा दीडपटीहून जास्त. भाजीपाला, सिमेंट भरून चालणाऱ्या गाडीला ते सोसतं. रिकाम्या हौद्याने शनिवार-रविवार फिरणाऱ्याची मात्र पाठ धरते.

ठोकळ्याने कडकपणा वाढत नाही, हा त्याचा गुण. दोष असा की एक्सल पाट्यापासून दूर जातो. जोरात ॲक्सिलरेटर दाबला की चाकाला पुढे फिरवणारा जोर एक्सलच्या नळीला उलट फिरवू पाहतो. अंतर वाढलं की पाट्यांवरचा पीळही वाढतो. पाटे 'एस' आकारात वळतात, सुटतात, पुन्हा वळतात, आणि चाक जागेवर नाचतं. ठोकळ्यावर ठोकळा रचणारे कारागीर दिसले तर गाडी परत घेऊन यावी.

गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा प्रश्न याहून गमतीचा आहे. त्याच्या टोकांना असलेला क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा सांधा, वाकून फिरू लागला की आत जाणारा वेग एकसारखा असला तरी बाहेर येणारा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. ३ अंशांच्या कोनाला ही चढउतार ०.१४ टक्के, १० अंशांना दीड टक्का. ताशी शंभरच्या वेगाला शाफ्ट सेकंदाला चाळीस-पंचेचाळीस फेरे घेत असतो, म्हणजे सेकंदाला ऐंशी-नव्वद धक्के. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हेच उलट करून पहिल्याची चूक खोडतो, पण दोन्हीकडचे कोन सारखे असतील तरच. लिफ्टनंतर एक्सलचं नाक थोडं वर किंवा खाली गेलं की खोडणं अपुरं राहतं. दोन तुकड्यांच्या शाफ्टला मध्ये बेअरिंगही असतं. तिथला कोन बिघडला की सिग्नलवरून निघताना सीटखालून थरथर येते. दोन-तीन अंशांची पाचर पाट्याखाली घालणं किंवा मधलं बेअरिंग थोडं उतरवणं, असे त्यावर साधे उपाय आहेत. पण आधी कोन मोजायला हवा, आणि कोनमापक हातात घेतलेला मेकॅनिक मी फार कमी वेळा पाहिलाय.

सगळ्यात धोक्याची गोष्ट मात्र एका बोटभर जाडीच्या सळईत असते. बऱ्याच पिकअपच्या मागच्या एक्सलपासून चॅसीवरच्या एका छोट्या ब्रेक व्हॉल्व्हपर्यंत अशी सळई गेलेली दिसेल. हौद्यात माल भरला की चॅसी खाली बसते, सळई वर ढकलली जाते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की चॅसी वर, दाब कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होत नाहीत. व्हॉल्व्हला वजन कळत नाही, फक्त अंतर कळतं. ५० मिलिमीटर उचललेली गाडी त्याच्या लेखी कायम रिकामी. मग खंबाटकी उतरताना मागे टनभर माल असला तरी मागचे ब्रेक अर्धवट काम करतात, सगळा भार पुढच्यांवर येतो आणि ते तापतात. सळईचा ब्रॅकेट लिफ्टइतकाच लांब केला की प्रश्न मिटतो. किटमध्ये तो ब्रॅकेट आहे का, हे विचारायला विसरू नये.

आता उलटण्याचं. अमेरिकेची रस्ता सुरक्षा संस्था एन.एच.टी.एस.ए. यासाठी एक सोपा आकडा वापरते: दोन चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. बहुतेक मोटारींचा हा आकडा १.३ ते १.५ येतो, पिकअप आणि एसयूव्ही १.० ते १.३ मध्ये. समजा चाकांमध्ये १.५४ मीटर आहेत आणि गुरुत्वमध्य ०.७० मीटरवर, तर उत्तर १.१. स्प्रिंगांनी ५० आणि टायरांनी २७ मिलिमीटर उचललं, आणि वजनाचा ८५ टक्के भाग स्प्रिंगांच्या वर धरला, तर गुरुत्वमध्य सुमारे ७ सेंटिमीटर चढतो आणि आकडा येतो १.० वर. कोरड्या सपाट रस्त्यावर टायर त्याआधीच घसरतील, म्हणून नुसत्या वळणात गाडी सहसा उलटत नाही. पण त्याच संस्थेच्या म्हणण्यानुसार एकट्या वाहनाच्या उलटण्याच्या घटनांपैकी ९५ टक्के वेळा चाक कशाला तरी अडखळलेलं असतं: कठडा, मऊ साइडपट्टी, खड्ड्याची कड. आपल्याकडे यांची टंचाई नाही. वर छतावर तंबू बांधला की तो हिशेब आणखी बिघडतो.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करायला मनाई करतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावून सांगितलं. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर हाच मुद्दा काढू शकतो. विकत घेतलेल्या किटचं बिल म्हणजे परवानगी नव्हे.

तरीही ज्याला करायचंच आहे, शेतावरच्या किंवा खाणीतल्या खाजगी रस्त्यांसाठी, त्याने काम चालू असताना वर्कशॉपमध्ये उभं राहून एक गोष्ट जरूर पाहावी. आर्म आणि पाट्यांचे रबरी बुश आतल्या-बाहेरच्या लोखंडी नळ्यांना चिकटवलेले असतात. ते घसरत नाहीत, पिळवटतात. गाडी जॅकवर, चाकं लटकलेली, आणि मेकॅनिक त्याच अवस्थेत बोल्ट कचकचून आवळतोय, असं दिसलं तर थांबवा. गाडी खाली उतरली की प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहणार आणि काही महिन्यांत फाटणार. बोल्ट आधी हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा दाबून हलवायची आणि मग टॉर्क पान्याने आवळायचे. यू-बोल्ट नवे घ्यायचे आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्यायचे, कारण पाटे बसतात आणि ताण उतरतो. जाता जाता हेडलाइट भिंतीवर पाडून खाली करून घ्यायचे. किटने पुढचं टोक मागच्यापेक्षा जास्त उचललं असेल तर झोत आता समोरच्याच्या थेट डोळ्यांत जात असतो.