धागा वर काढण्याची सोय

फोरम म्हणजे कॉम्प्युटरवर लिहून, सवडीने चर्चा करायची जागा. त्याची ही गोष्ट. जानेवारी १९७८ मध्ये शिकागोत हिमवादळ आलं आणि शहर ठप्प झालं. घरात अडकलेल्या वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस या दोघा हौशी मंडळींनी त्या दिवसांत एक उद्योग आरंभला. त्यांच्या कॉम्प्युटर क्लबात कॉर्कच्या फळ्यावर चिठ्ठ्या टाचलेल्या असत. तो फळाच कॉम्प्युटरवर आणायचा. १६ फेब्रुवारीला ‘सीबीबीएस’ (कॉम्प्युटराइज्ड बुलेटिन बोर्ड सिस्टिम) सुरू झालं. फोनची लाइन एकच. एकाने मोडेमवरून, म्हणजे कॉम्प्युटरला फोनलाइनशी जोडणाऱ्या यंत्रावरून यावं, चिठ्ठ्या वाचाव्यात, आपली टाचावी आणि फोन ठेवावा. तोवर बाकीच्यांना एंगेज्ड टोन. म्हणजे कोणतेही दोन सभासद एका वेळी तिथे नसायचेच, तरी गप्पा चालू राहायच्या. फोरमचा स्वभाव या एका लाइनीत आला.

कल्पना मात्र त्याही आधीची. १९७३ मध्ये बर्कलीतल्या एका रेकॉर्डच्या दुकानात ‘कम्युनिटी मेमरी’ या प्रयोगाचं, दूरच्या कॉम्प्युटरला जोडलेलं टेलिटाइप (टंकयंत्रासारखं) मशीन ठेवलं होतं. येणारा-जाणारा त्यावर काहीही टंकू शकत असे. वादक साथीदार शोधत, आणि चांगले बेगल (कड्यासारखे पाव) कुठे मिळतात असं विचारणाऱ्यालाही उत्तर मिळालं होतं. नावातच ‘मेमरी’ होती.

१९८० मध्ये सुरू झालेल्या युजनेट या कॉम्प्युटरांच्या जाळ्याने विषयवार चर्चागट जगभर नेले. फोरमला स्मरणशक्ती असते, असं आपण आज गृहीत धरतो. युजनेटवर ती फारशी नव्हती. डिस्कवरची जागा महाग, म्हणून जुने संदेश काही दिवसांनी पुसले जात. दर सप्टेंबरला विद्यापीठांतून नव्या विद्यार्थ्यांची लाट यायची, तेच प्रश्न विचारायची, जुने लोक करवादायचे आणि महिन्याभरात नवे सरावायचे. १९९३ नंतर इंटरनेट घरोघरी पोचू लागलं तसा हा ओघ थांबेना. त्याला ‘न संपणारा सप्टेंबर’ म्हणतात. रोज पाहुणे आले तर घरच्या रीती शिकवायच्या कुणी आणि कधी, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक समूहापुढे आहे.

२००० च्या सुमारास दोन गोष्टी जुळून आल्या. फोरम चालवायला पीएचपीबीबीसारखं फुकट सॉफ्टवेअर आलं, ते प्रत्येक धागा, म्हणजे एक प्रश्न आणि त्याखालचे सगळे प्रतिसाद, डेटाबेसमध्ये जपून ठेवायचं. आणि गुगल अनोळखी वाचकाला नेमकं त्या धाग्यावर आणून सोडू लागलं. चार वर्षांपूर्वीच्या धाग्यावर एकाने प्रतिसाद दिला की तो धागा यादीत वर यायचा. ‘धागा वर काढतोय’ एवढं लिहिलं तरी चालायचं. मूळ धागाकर्ता आयडी सोडून गेलेला असला तरी त्याचा प्रश्न जिवंत.

मग माणसं फोरमवरून उठून का गेली? ‘आधी शोधा, मग विचारा’ असा खेकसणारा एक तरी जुना सदस्य प्रत्येक फोरमवर होता, हे कबूल करायला हवं. शिवाय पासवर्ड, स्पॅम, सर्व्हरचं बिल आणि फुकट राबणारे संपादक. ऑर्कुट या गुगलच्या सोशल साइटने २००४ मध्येच कम्युनिटी दिल्या होत्या. ऑक्टोबर २०१० मध्ये फेसबुकने ग्रुप नव्याने आणले आणि त्यात मित्राला न विचारता परस्पर घालता येत असे. व्हॉट्सअॅपवरही हेच, कोण आपल्याला ग्रुपात घालू शकतो हे ठरवायची सेटिंग २०१९ मध्ये आली. फोरमवर विषयासाठी नाव नोंदवावं लागायचं, ग्रुपात ओळखीने ओढलं जायचं. माणसं झटपट जमली, गर्दीही झाली. आणि सकाळचा प्रश्न संध्याकाळच्या शुभेच्छांखाली गाडला जाऊ लागला.

जुन्या गप्पांचं दप्तर कुणाच्या ताब्यात, हे पुढे कळलं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. याहू ग्रुप्सवरचा साठा २०१९ च्या अखेरीस हटवायला सुरुवात झाली आणि पुढच्या डिसेंबरात सेवाच गुंडाळली गेली. फोरमही कितीतरी बुडाले, पण तिथे निदान बॅकअप मागायला चालक नावाचा एक ओळखीचा माणूस असायचा. रेडिट या चर्चागटांच्या साइटची गंमत अशी, की आराखडा फोरमचा आणि मालकी कंपनीची. जून २०२३ मध्ये बाहेरच्या अॅपांना लावलेल्या नव्या शुल्काच्या निषेधार्थ तिथल्या हजारो चर्चागटांना त्यांच्याच मॉडरेटरांनी (गट सांभाळणाऱ्या सदस्यांनी) कुलूप लावलं. गुगलवरून उत्तर शोधत आलेल्यांना त्या दिवसांत दारावर पाटी दिसली, ‘हा गट खासगी आहे’.