ऑरोराचा अंदाज: होकायंत्राच्या सुईपासून एल-वनपर्यंत

आता मराठी टूरवालेसुद्धा नॉर्वे-आइसलँडला ऑरोरा (ध्रुवांकडच्या आकाशात रात्री दिसणारा रंगीत प्रकाश) बघायला नेतात आणि ग्रुपमधले सगळे रात्रभर ॲपमधला केपीचा आकडा बघत बसतात. हा केपी १९४९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ युलिउस बार्टेल्स यांनी आणला. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तीन तासांत किती ढवळलं ते ० ते ९ मध्ये सांगायचं, बस. त्यात तुमच्या गावावरच्या आकाशाचं काहीच नसतं, ढगांचं तर नाहीच.

पण चुंबक आणि ऑरोराचं नातं त्याहून खूप जुनं. १७४१ मध्ये स्वीडनच्या उप्सालात सेल्सियस (तापमानवाले तेच) आणि त्यांचे मेहुणे योर्टर यांनी पाहिलं की आकाशात ऑरोरा आला की होकायंत्राची सुई भरकटते, आणि तिकडे लंडनमध्ये जॉर्ज ग्रॅहमलाही त्याच दिवशी सुई हललेली दिसली, म्हणजे गडबड एका गावापुरती नव्हती.

मग १ सप्टेंबर १८५९. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनला सूर्यडागांजवळ लख्ख झोत दिसला, साधारण साडेसतरा तासांत पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं, टेलिग्राफच्या तारा बिघडल्या, क्यूबापर्यंत ऑरोरा दिसला. आणि या वादळाची एक फार मोलाची नोंद आपल्या मुंबईत, कुलाबा वेधशाळेत झाली! तिथल्या लोकांनी हाताने घेतलेल्या रीडिंगमध्ये चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्ला (क्षेत्राची ताकद मोजायचं एकक) खाली गेलेलं दिसतं, आणि २००३ मध्ये त्सुरुतानी, लाखिना वगैरे शास्त्रज्ञांनी वादळाची ताकद मोजली ती त्याच नोंदींवरून. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली, ती आजही चालू आहे. या माणसांचं कौतुक आपल्याकडे अजून पुरेसं झालेलं नाही असं मला मनापासून वाटतं.

तरी सूर्यावर स्फोट झाला म्हणजे ऑरोरा येणारच असं नसतं. १९५८ मध्ये शास्त्रज्ञ पार्करने सौरवाऱ्याचं (सूर्यातून सतत बाहेर वाहणाऱ्या कणांचं) गणित मांडलं, सत्तरच्या दशकात सूर्यातून सुटणारे प्लाझ्माचे (विद्युतभारित वायूचे) ढग उपग्रहांनी टिपले, आणि १९९५ च्या सोहो यानामुळे ढग निघाल्याचं एक ते तीन दिवस आधी कळायला लागलं. गोची एकच, त्या ढगातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असेल तरच पृथ्वीचं चुंबकीय कवच नीट उघडतं, यालाच बीझेड निगेटिव्ह म्हणतात, आणि लांबून फोटो बघून ही दिशा खात्रीने सांगता येत नाही. ती कळते ढग एल-वनला, म्हणजे पृथ्वीपासून सूर्याच्या बाजूला १५ लाख किलोमीटरवर यानं ठेवतात त्या जागी, पोचल्यावर. तिथे १९९७ पासून एस (ACE) हे अमेरिकेचं यान, नंतर डिस्कव्हर यान आणि आता आपलं आदित्यही आहे. तिथून पुढे हातात उरतो जेमतेम अर्धा-एक तास.

मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या नोआ या हवामान संस्थेने जी-४ वादळाचा (मोजपट्टी जी-१ ते जी-५) इशारा आधीच दिला होता, प्रत्यक्षात जी-५ आलं आणि लडाखमधल्या हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांतही लाल आकाश दिसलं.