कौल, चिठ्ठी आणि आंबाचोर

हापूसचा हंगाम आला की कोकणातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास फिरतो. रात्री बागेत पकडलेला पोरगा, शेजारी आंब्यांनी भरलेला क्रेट आणि खाली मजकूर: ‘नीट ओळखून ठेवा, दारात उभा करू नका.’ पोरगा अठराच्या आतला असेल, तर त्याची ओळख अशी उघड करणं हाच गुन्हा आहे. बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 74 त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतं. पण मला कायद्यापेक्षा त्या फोटोमागच्या समजुतीत रस आहे. चारचौघांत अब्रू काढली की माणूस ताळ्यावर येतो, असं आपण गृहीत धरतो. ते खरं आहे का, हे तपासता येतं.

जॉन ब्रेथवेट या ऑस्ट्रेलियन गुन्हेशास्त्रज्ञाने 1989 साली मांडलं की लाज आणण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत कृत्याचा निषेध होतो, पण माणूस आपलाच राहतो आणि त्याला परत घ्यायची वाट उघडी असते. दुसरीत माणसावरच शिक्का बसतो. या दुसऱ्या तऱ्हेला कोकणात वाळीत टाकणं म्हणतात. गावकीने एकदा ठरवलं की शिमग्याची पालखी त्या दारात येत नाही, दुकानदार माल देत नाही, मयताला खांदा मिळत नाही. रायगड जिल्ह्यातली अशी प्रकरणं बरीच गाजली. राज्याने सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा केला, तो 2017 मध्ये लागू झाला आणि त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ब्रेथवेट यांच्या मते शिक्का बसलेला माणूस सुधारत नाही. त्या शिक्क्याचं ज्यांना काही वाटत नाही, असा कंपू तो शोधतो. लाज कामाला येते ती ज्यांच्या मताची आपल्याला पर्वा आहे त्यांच्यासमोर. फोटो पाहणाऱ्या हजार अनोळखी लोकांसमोर नव्हे.

पुनर्स्थापक न्याय याच कल्पनेवर उभा आहे. गुन्हा कबूल केलेला माणूस, ज्याचं नुकसान झालं तो आणि दोघांच्या जवळची माणसं एका खोलीत बसतात. मध्यस्थ प्रशिक्षित असतो. काय घडलं, कोणाला काय सोसावं लागलं, आता भरपाई कशी करायची, एवढ्याच प्रश्नांवर बोलणं होतं आणि ठरेल ते कागदावर येतं. न्यूझीलंडने 1989 मध्ये मुलांच्या गुन्ह्यांसाठी अशा कौटुंबिक बैठका कायद्यात आणल्या. त्यामागे तिथल्या मूळच्या माओरी लोकांच्या परंपरेचा मोठा वाटा होता.

ऐकायला छान आहे, पण छान वाटणाऱ्या गोष्टींचीच उलटतपासणी आधी करावी. माफी मागायला जो तयार होतो, तो मुळात बरा माणूस असण्याची शक्यता जास्त. मग पुढे त्याने गुन्हा केला नाही, तर श्रेय बैठकीला द्यायचं की त्याच्या स्वभावाला? यावरचा उपाय मला फार आवडतो. आधी दोन्ही बाजूंची संमती घ्यायची आणि मग चिठ्ठी काढायची: काही प्रकरणं बैठकीला, काही नेहमीच्या कोर्टाच्या वाटेला. राजी झालेले दोन्ही गटांत सारखेच विखुरतात. आपल्याकडे चोरी झाली की काही ठिकाणी देवाला कौल लावतात. ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गावागणिक रीत वेगळी, पण शेवटी तीही चिठ्ठीच. फरक इतकाच, की कौलात नशीब चोर ठरवतं आणि इथे ते फक्त गट ठरवतं. निकाल मोजणीतून येतो. पाकळीवरून शेजाऱ्यावर आळ घेणाऱ्यांना हे कोणीतरी समजावून सांगायला हवं. आणि तो आळ करणीचा असेल, तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हाच आहे.

मोजणीतही एक खोच आहे. चिठ्ठी बैठकीची निघाली पण बैठक झालीच नाही, अशी प्रकरणं असतात. ती वगळली तर पळपुटे गळून जातात आणि उरलेले आपोआप सज्जन दिसतात. म्हणून त्यांनाही बैठकीच्या गटातच धरायचं. त्यामुळे परिणाम मुद्दाम फिका दिसतो, पण खरा असतो. गुन्हेशास्त्रज्ञ हेदर स्ट्रँग आणि सहकाऱ्यांनी 2013 साली अशा 10 प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात 1,880 आरोपी होते आणि दोन वर्षांतले पुन्हा घडलेले गुन्हे मोजले होते. सरासरी परिणाम निघाला प्रमाण विचलनाच्या, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाच्या, 0.15 पट. ढोबळ भाषेत, दोन्ही गटांतून एकेक आरोपी उचलून शंभर जोड्या लावल्या, तर साधारण 54 जोड्यांत बैठकीतला माणूस बरा निघेल. नाणं उडवलं असतं तर 50 निघाले असते. एवढाच फरक. ‘गुन्हेगारीवर रामबाण’ असं कोणी विकायला आलं, तर त्याला हा आकडा दाखवावा.

सरासरीच्या आत मात्र खरी गंमत आहे. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरात, 1995 ते 2000 दरम्यान पोलिसांनीच अशा बैठका चालवल्या. तिशीच्या आतल्या मारामारीच्या आरोपींमध्ये, कोर्टात गेलेल्यांच्या तुलनेत, दर शंभरामागे वर्षाला 38 गुन्हे कमी नोंदले गेले. अल्पवयीनांच्या चोऱ्यांत ठळक फरक पडला नाही. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांत गुन्हे किंचित वाढले. त्या प्रकरणांत थेट नुकसान झालेलं कोणी नव्हतं, म्हणून खोलीत समोर बसून रडणारं, चिडणारंही कोणी नव्हतं. शिवाय कोर्ट लायसन्स काढून घेऊ शकत होतं, बैठक नाही.

आपण नेमके उलटे वागतो. आंबाचोराला ‘जाऊ दे, पोर आहे’ म्हणून सोडायला निदान वडीलधारे तरी तयार असतात. गडगा, म्हणजे हद्दीची दगडी भिंत, सरकवण्यावरून कोयता उगारला गेला, की दोन पिढ्यांचं बोलणं बंद. पुरावा सांगतो की एकत्र बसवण्याचा फायदा जास्त दिसतो तो मारामारीत.

किरकोळ चोरीसाठी कायद्याने थोडी जागा केली आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने 5,000 रुपयांहून कमी किमतीची वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर समाजसेवेची शिक्षा आहे. आंब्यांची एखाद-दुसरी पेटी त्यात बसते.

गावपातळीवरची यंत्रणाही आपल्याला नवी नाही. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने 15 ऑगस्ट 2007 ला तंटे गावातच मिटवणाऱ्या गावांना बक्षीस देणारी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तंटामुक्तीत मला खटकते ती बक्षिसाची रचना. तंटे मिटल्याच्या नोंदीवर गुण मिळू लागले, की कागदावर मिटवण्याचा मोह होतो आणि दबाव येतो तो दुबळ्या बाजूवर, बहुतेकदा बाईवर.

म्हणून माझी सूचना अशी. एकाच पोलीस ठाण्याच्या हद्दीतली, कायद्याने तडजोड करता येणारी मारामारीची प्रकरणं घ्यावीत. दोन्ही बाजू स्वखुशीने राजी असतील तर चिठ्ठी काढावी आणि दोन वर्षांनी मोजावं. मध्यस्थ वाडीबाहेरचा असावा, बक्षीस नसावं. घरातल्या मारहाणीची आणि लैंगिक गुन्ह्यांची प्रकरणं यात अजिबात घेऊ नयेत.