95 हा आकडा आला कुठून?

पर्वरीच्या पंपावर गाडी लावली की पोरगा अजून विचारतो, "सादें घालूं काय पॉवर?" 'पॉवर' म्हणजे जास्त भावाचं पेट्रोल. माझ्या गाडीच्या टाकीच्या झाकणाआड चिकटवलेल्या कागदावर 95 छापलंय. टर्बोची गाडी (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा), सेकंडहँड घेतलेली, त्यामुळे त्या आकड्याला घाबरून मी इतकी वर्षं 'पॉवर'च म्हणत आलो. ऑगस्ट 2025 मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने इथेनॉलवरच्या आरडाओरड्याला उत्तर म्हणून एक खुलासा काढला. त्यात एक ओळ होती: 20 टक्के इथेनॉल मिसळल्यामुळे साध्या पेट्रोलचं ऑक्टेन आता 95 वर गेलंय. म्हणजे ज्या आकड्यासाठी मी जादा पैसे मोजत होतो तो साध्या नोझलमधून येऊ लागला होता, आणि आमच्या ग्रुपवर त्याच आठवड्यात सगळे ओरडत होते की मायलेज पडलं.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या एकमेकींविरुद्ध वाटतात, कारण ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधली ताकद असं आपण धरून चाललोय. पंपावरच्या 'पॉवर' या शब्दाने तो समज पक्का केला. हा आकडा मुळात ताकद मोजायला जन्मला नव्हता. तो जन्मला एका आवाजामुळे.

तो आवाज कसा असतो ते चोर्ला घाट चांगला शिकवतो. साखळीहून निघून केरी ओलांडली की चढ सुरू होतो. मे महिना, गाडीत पाच माणसं, एसी चालू आणि गिअर खाली घ्यायचा कंटाळा. माझ्या आधीच्या जुन्या गाडीत चौथ्या गिअरवर पाय दाबला की बॉनेटखालून कुरकुर यायची, सुक्या काजूबिया पत्र्याच्या डब्यात घालून हलवाव्यात तशी. तिसरा टाकला की गप्प. हेच नॉकिंग.

सिलिंडरमध्ये ठिणगी पडते, ज्योत प्लगपासून कडेकडे सरकत जाते. पण ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यात दाबलं गेलेलं, तापलेलं मिश्रण आपणहून पेटलं, तर दाबाच्या लाटा पिस्टनवर आणि भिंतींवर आदळतात. थोडा वेळ चाललं तर नुसता आवाज, फार वेळ चाललं तर पिस्टनला भोक. पेट्रोल किती दाब आणि किती ताप सोसून ठिणगीची वाट बघत थांबतं, ते सांगणारा आकडा म्हणजे ऑक्टेन. इंजिन जितकं जास्त दाबेल तितकं तेवढ्याच पेट्रोलातून जास्त काम निघतं, म्हणून प्रत्येक इंजिनवाल्याला दाब वाढवायचा असतो आणि पेट्रोल त्याला एका रेषेवर अडवतं. समुद्रसपाटीला हवा दाट, त्यामुळे पणजीत इंजिनची मागणी बेळगावपेक्षा जरा जास्तच. आपली दमट हवा त्यातलं थोडं परत देते, कारण बाष्प जळणाला थंड ठेवतं.

शंभर वर्षांपूर्वी हा आवाज कशामुळे येतो हेच कुणाला माहीत नव्हतं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने बटणाने गाडी सुरू करणारा इलेक्ट्रिक स्टार्टर बनवला. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये तो आला. पाठोपाठ लोक म्हणू लागले, याच्या बॅटरीच्या इग्निशनमुळेच इंजिन ठोकतं. आपल्यावरचा आळ झटकायला केटरिंगने थॉमस मिजली नावाच्या तरुण इंजिनिअरला कामाला लावलं. दोघांचा पहिला तर्क मजेशीर होता. इंधन लाल केलं तर ते उष्णता शोषून लवकर वाफ होईल आणि आवाज थांबेल. तेलात विरघळणारा लाल रंग कोठीत नव्हता, म्हणून मिजलीने आयोडीन टाकलं. आवाज थांबला! मग हौसेने खरे लाल रंग आणून टाकले, तर काहीच फरक नाही. रंगाचा संबंध नव्हता, आयोडीनचा होता. चुकीच्या तर्काने बरोबर दार उघडलं. त्या दारातून पुढे जायला आणखी काही वर्षं आणि असंख्य रसायनं लागली. 9 डिसेंबर 1921 ला टेट्राइथिल लेड, म्हणजे शिशाचं एक द्रव संयुग, इंजिनात पडलं आणि इंजिन मुकाट चालायला लागलं. गॅलनमागे चमचाभरसुद्धा लागत नव्हतं.

याच काळात इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो दुसऱ्या बाजूने त्याच प्रश्नाशी झगडत होता. चालू असतानाच कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती दाबायचं ते, कमी-जास्त करता येईल असं इंजिन त्याने बांधलं आणि एकेक इंधन त्यात घालून ते कुठे ठोकायला लागतं ते नोंदवत गेला. दोष इग्निशनचा नाही, इंधनाचा आहे, हे त्यातून पक्कं झालं.

आता या कथेतली मला सर्वांत खटकणारी गोष्ट. दारू, म्हणजे इथाइल अल्कोहोल किंवा आजचं इथेनॉल, नॉकिंग थांबवते हे मिजलीला ठाऊक होतं. त्याने स्वतः तसं सांगितलंही होतं. पण अल्कोहोल टाकायचं तर पेट्रोलच्या पाचवा-दहावा हिस्सा टाकावं लागतं, ते कुणीही गाळू शकतं आणि त्याचं पेटंट घेता येत नाही. शिसं चिमूटभर लागतं आणि त्याचं पेटंट मिळतं. फेब्रुवारी 1923 मध्ये ओहायोतल्या डेटन गावात शिशाचं पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं. नाव ठेवलं 'इथिल', म्हणजे शिसं हा शब्द पाटीवर यायलाच नको. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रम होऊन, झटके येऊन मेले. थोडा काळ विक्री थांबली, चौकशी झाली आणि मग शिसं पुढची नव्वदहून जास्त वर्षं जगातल्या गाड्यांच्या धुरातून बाहेर पडत राहिलं. शेवटचा देश अल्जीरिया, 2021. काजूच्या फळातून आपण जी दारू गाळतो, हुर्राक आणि फेणी, त्याच जातीचं द्रव्य शंभर वर्षांनी आपल्या टाकीत परतलंय.

आकडा आला तो शिशाच्या मागोमाग. शिसं किती काम करतं ते मोजायला फूटपट्टी हवी होती. इथिल कंपनीच्याच ग्रॅहॅम एडगर यांनी 1926-27 च्या सुमारास ती सुचवली. एका टोकाला आयसो-ऑक्टेन, आठ कार्बनांचं, फांद्या फुटलेल्या सांगाड्याचं; ते सहजासहजी ठोकत नाही, त्याला 100. दुसऱ्या टोकाला नॉर्मल हेप्टेन, सात कार्बनांची सरळ साखळी. ते लगेच ठोकतं, त्याला 0. शुद्ध हेप्टेन मिळायचं कॅलिफोर्नियाकडच्या जेफ्री पाइन झाडाच्या डिंकातून. 95 ऑक्टेन म्हणजे 95 भाग आयसो-ऑक्टेन आणि 5 भाग हेप्टेनच्या मिश्रणाइतकंच तगणारं पेट्रोल. त्यात खरंच तेवढं ऑक्टेन असायला हवं असं नाही, आणि त्यातून किती ऊर्जा निघेल याबद्दल हा आकडा एक अक्षर बोलत नाही.

मोजायचं यंत्रही एकच ठरलं. विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशा कंपनीने 1928-29 मध्ये एका सिलिंडरचं, कॉम्प्रेशन बदलता येणारं सीएफआर इंजिन बनवलं. त्याच घराण्याचं इंजिन आजही प्रयोगशाळांत ठोकत असतं. मिनिटाला 600 फेऱ्यांवर सौम्य परिस्थितीत मोजलं तर मिळतो रिसर्च ऑक्टेन नंबर, म्हणजे आरओएन; 900 फेऱ्यांवर, मिश्रण आधीच तापवून मोजलं तर मोटर ऑक्टेन नंबर, म्हणजे एमओएन. दुसरा आकडा जवळपास नेहमी खाली येतो. आपण आणि युरोप पंपावर आरओएन लिहितो, अमेरिका दोन्हींची सरासरी लिहिते. एकच पेट्रोल आपल्याकडे 91 आणि तिथे 87 होतं. हा फरक पुढे कामाला येईल.

युद्धाने 100 ऑक्टेनचं विमान-इंधन मोठ्या प्रमाणावर आणलं. 1940 मध्ये ब्रिटिशांची स्पिटफायर लढाऊ विमानं त्याच्या जोरावर जास्त बूस्ट, म्हणजे इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, घेत होती. युद्धानंतर 1949 पासून प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर नॅफ्थ्याची रेणूरचना बदलण्याची पद्धत रिफायनऱ्यांत आली. नॅफ्था, म्हणजे कच्च्या तेलातून निघणारा हलका, चटकन पेटणारा द्रव, गोव्याला वेगळा सांगायला नको. ऑक्टोबर 2019 मध्ये दोनापावलाजवळ खडकांवर अडकलेलं 'नु शी नलिनी' जहाज आठवत असेल, त्याच्या पोटात दोन हजार टनांहून जास्त नॅफ्था होता आणि पणजी श्वास रोखून बसली होती. पेटायला महाभयंकर, पण ऑक्टेन मात्र जेमतेम. तसाच गाडीत घातला तर अल्टोसुद्धा ठोकेल.

आपल्याकडे ही सगळी कथा उशिराने आली. मुक्तीपूर्वीच्या गोव्यात युरोपातून बोटीने आलेल्या ऐटबाज गाड्या फिरत होत्या, 1961 नंतर भारताचं अँबॅसिडर-फियाटचं जग आलं. या इंजिनांचा दाबच इतका कमी की ऑक्टेनची चर्चा करायला कुणाला कारण नव्हतं. पंपावर 87 आणि 93 अशी दोन शिशाची पेट्रोलं असायची. 1 एप्रिल 1995 पासून चार महानगरांत नव्या गाड्यांना धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, शिशाने ते बाद होतात म्हणून बिनशिशाचं पेट्रोल आलं, आणि 1 फेब्रुवारी 2000 पासून शिसं देशभर बंद झालं. बीएस-2 या प्रदूषण-नियमाच्या काळात साधं पेट्रोल 88 चं होतं, पुढे 91 झालं. डिसेंबर 2020 मध्ये इंडियन ऑइलने मथुरा रिफायनरीतलं 100 ऑक्टेनचं पेट्रोल काही शहरांत आणलं, मुंबई-पुणे त्यात होते.

गोव्याला मात्र पेट्रोलचा एकच आकडा तोंडपाठ होता, तो म्हणजे भाव. एप्रिल 2012 मध्ये मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट 0.1 टक्क्यावर आणला, लिटर 55 रुपयांच्या आसपास आलं आणि बांदा-सावंतवाडीच्या गाड्या पत्रादेवीचा नाका ओलांडून आणि कारवारच्या गाड्या पोळेंच्या नाक्यावरून टाक्या भरायला येऊ लागल्या.

त्याच दशकात गोव्यात छोट्या टर्बो हॅचबॅक दिसू लागल्या आणि तिथून कोणतं पेट्रोल घालायचं हा प्रश्न खरा झाला. अशा गाडीच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर नावाचा एक कान बसवलेला असतो. स्वीडनच्या साबने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला टर्बोचा बूस्ट अशा कानाच्या भरवशावर चालवून दाखवला होता. ठोका ऐकू आला की संगणक ठिणगी उशिरा पाडतो, बूस्ट कमी करतो. तुम्हाला काही ऐकू येत नाही, फक्त चोर्ल्याला ओव्हरटेक करताना गाडी जड वाटते. म्हणून झाकणामागे 'किमान 91, शिफारस 95' असं लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ असा: 91 वर इंजिन मरणार नाही, पण कंपनीने छापलेली पूर्ण ताकद 95 वरच मिळेल. 95 साठी बांधलेल्या इंजिनला 100 दिलं तर बहुतेक गाड्यांत फरक पडत नाही, कारण थांबवायला ठोकाच नसतो. ज्यांनी ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, रीमॅप करून (त्याचा प्रोग्राम बदलून) बूस्ट वाढवलाय त्यांचा हिशेब वेगळा; मॅप ज्या आकड्यावर लिहिलाय तो आकडा टाकीत हवाच. ट्यूनरला हे विचारणं राहून जातं.

माझं तेच राहिलं होतं. रीमॅपनंतर धास्तीने मी दुकानातून ऑक्टेन बूस्टरची बाटली आणून घालत होतो. बाटलीवर 'वाढवा 30 पॉइंट' लिहिलेलं. 30 पॉइंट म्हणजे तीन ऑक्टेन, दहा पॉइंटांचा एक, हे बारीक अक्षरातही नव्हतं. म्हापशाच्या मेस्तने, म्हणजे मेकॅनिकने, सर्व्हिसिंगला प्लग काढले आणि न बोलता माझ्या तळहातावर ठेवले. टोकं चिऱ्याच्या रंगाची, विटकरी. बूस्टरमधल्या मॅंगनीजचा थर. "हें बंद कर," एवढंच म्हणाला.

आता इथेनॉलचं गणित. त्या खुलाशात इथेनॉलचं ऑक्टेन 108.5 आणि पेट्रोलचं 84.4 धरलेलं आहे. म्हणजे 95 पर्यंतची चढण दारूच चढते. वर ती बाष्प होताना हवा थंड करते, हेही टर्बोला पथ्यावर पडतं. पण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच लिहिलंय की जुन्या धाटणीच्या चारचाकीचं मायलेज 6-7 टक्क्यांनी आणि ई10 साठी बांधून ई20 ला, म्हणजे 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला, जुळवलेल्या गाडीचं 1-2 टक्क्यांनी घटेल. आकडा वर आणि मायलेज खाली, दोन्ही एकाच कारणाने. त्यामुळे जुन्या परफॉर्मन्स गाडीच्या मालकाने आज दोन वेगळ्या गोष्टी बघायच्या असतात: झाकणामागचा ऑक्टेनचा आकडा, आणि होज, सील, फ्युएल पंप ई20 चालवतात की नाही. पहिला प्रश्न साध्या नोझलने बऱ्यापैकी सोडवलाय. दुसऱ्याचं उत्तर आकड्यात सापडत नाही, ते कंपनीच्या पुस्तिकेत शोधावं लागतं.

पुस्तिका बघताना ती कुठली आहे तेही बघा. मिरामारला एकाच्या आयात केलेल्या अमेरिकन गाडीच्या पुस्तिकेत '91' होतं आणि साहेब कित्येक महिने आपलं जुनं 91 चं साधं पेट्रोल घालत खुशीत होते. तो अमेरिकन 91 आपल्या मोजमापात 95-96 च्या आसपास जातो.