चुकलेला ठोका जातो कुठे?

‘काळजाचा ठोका चुकला’ असे आपण सहज म्हणतो. पण मनगटावरच्या नाडीतला एखादा ठोका खरोखरच गळतो, तेव्हा तो बहुधा चुकलेला नसून वेळेआधीच पडून गेलेला असतो.

चीनच्या पारंपरिक वैद्यकात खंड पडणाऱ्या नाडीचे तीन प्रकार सांगितले आहेत. जलद चालताना अवचित अडखळते ती ‘त्सू’, संथ चालीत अवचित अडखळते ती ‘ज्ये’, म्हणजे गाठ पडलेली, आणि ठरावीक ठोक्यांनंतर नेमाने थांबते ती ‘दाय’. तिसऱ्या शतकातील वांग शूहे याच्या ‘माय जिंग’ या ग्रंथातील २४ नाड्यांमध्ये या तिन्ही आहेत. घड्याळ नसल्याने वैद्य स्वतःच्या एका श्वासात रुग्णाचे ठोके मोजत असे. चार-पाच आले की नाडी ठीक. खंड अवचित पडतो की मोजून, हा प्रश्न त्यांनी वेगळा काढला, यातच त्यांच्या बोटांची तयारी दिसते.

नाडी मिनिटाला ७५ असेल, तर दोन ठोक्यांत ०.८ सेकंदाचे अंतर असते. समजा, हृदयाच्या खालच्या कप्प्याने, म्हणजे जवनिकेने, ०.५ सेकंदालाच उचल खाल्ली. ती आकुंचन पावते खरी, पण अजून पुरती भरलेली नसल्याने रक्ताची लाट मनगटापर्यंत जाणवत नाही. वरच्या कप्प्यातील गतिकारक, म्हणजे ठोक्यांची गती ठरवणारे केंद्र, आपला संदेश ०.८ सेकंदाला नेहमीप्रमाणे धाडते. मात्र नुकत्याच आकुंचन पावलेल्या जवनिकेला तो घेता येत नाही आणि पुढचा ठोका थेट १.६ सेकंदाला पडतो. बोटांना जाणवतो तो बरोबर दुप्पट खंड. तेवढ्या वेळात जवनिका जास्त भरते, तिचा स्नायू अधिक ताणला जातो व म्हणून अधिक जोराने आकुंचन पावतो. छातीत ‘धस्स’ होते ते बहुधा या ठोक्याने.

दर तिसरा ठोका असा अवेळी पडत राहिला, तर नाडी ‘दाय’सारखी लागेल. परंतु १८९९ मध्ये डच वैद्य वेंकेबाख यांनी नाडीच्या आलेखांवरून नेमाने पडणाऱ्या खंडाचे निराळेच कारण दाखवले: वरून खाली जाणारा संदेश दर ठोक्याला थोडा अधिक रेंगाळतो आणि शेवटी एकदा पोहोचतच नाही. बोटांना दोन्ही सारखेच. फरक ईसीजी दाखवतो.

आपल्याकडे शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथाने थांबत थांबत चालणारी नाडी प्राणघातक ठरवली आहे. प्रत्यक्षात निरोगी हृदयातही अधूनमधून अवेळी ठोके पडतात आणि ते सहसा निरुपद्रवी असतात. तीन बोटांखाली यकृत, मूत्रपिंड वेगवेगळे कळतात, हा चिनी वैद्यकाचा दावा तर टिकणाराच नाही, कारण धमनी एकच आणि तिच्यातली लाटही एकच. मात्र ज्या नाडीला कसलाच ताल नसतो, तिच्यामागे वरच्या कप्प्यांचे कंपन असू शकते. त्यात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असल्याने अशा वेळी ईसीजी काढून घ्यावा.