छोट्या होस्टिंगसाठी सर्व्हरची निवड

काही संकेतस्थळे आणि शे-दोनशे मेलबॉक्स एकाच यंत्रावर चालवायचे असतील, तर त्या यंत्राचे भाग कोणत्या कसोटीवर निवडावेत, हा या नोंदीचा विषय आहे. खरेदीच्या वेळी बहुतेकांची नजर प्रोसेसरवर असते. वास्तविक एवढ्या कामात प्रोसेसर बराच वेळ रिकामा बसतो. स्पॅमची चाळणी आणि व्हायरसची तपासणी मेमरी खातात, बाकी चार कोअरचा साधा प्रोसेसर पुरतो. पैसा खर्च व्हायला हवा तो डिस्क, मेमरी आणि पॉवर सप्लायवर.

याचे कारण ईमेल पोहोचवण्याच्या पद्धतीत आहे. एसएमटीपी, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांना ईमेल देण्याची पद्धत, हिचे नियम सांगणाऱ्या आरएफसी ५३२१ (२००८) या मानक दस्तऐवजानुसार समोरचा सर्व्हर बंद असल्यास पाठवणाऱ्या सर्व्हरने पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचे असतात आणि नाद सोडण्यापूर्वी किमान ४-५ दिवस जाऊ द्यायचे असतात. त्यामुळे यंत्र रात्रभर बंद राहिले तरी मेल सहसा हरवत नाही, उशिरा येतो. (संकेतस्थळाला ही सवलत नाही.) मात्र ‘२५०’ अशी पोच दिली, की मेलची जबाबदारी स्वीकारणाऱ्यावर येते आणि पाठवणारा आपल्या रांगेतून तो काढून टाकतो. त्या क्षणी मेल डिस्कवर खरोखर उतरलेला नसेल आणि वीज गेली, तर तो कायमचा जातो, आणि दोन्हीकडे कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून छोट्या होस्टिंगमध्ये यंत्र बंद पडण्यापेक्षा त्याने गुपचूप चूक करणे अधिक महागात पडते.

या दृष्टीने एसएसडीची, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कची, निवड सर्वांत महत्त्वाची. एसएसडी आलेला डेटा आधी तात्पुरत्या स्मृतीत घेते. सर्व्हरसाठीच्या अनेक एसएसडींमध्ये कपॅसिटर असतात आणि वीज गेल्यावर त्यांतल्या साठ्यावर उरलेले लेखन पूर्ण होते. घरगुती एसएसडींमध्ये ही सोय सहसा नसते. मेलडिर पद्धतीत प्रत्येक मेलची वेगळी फाइल असते आणि प्रत्येकीसाठी ‘लेखन पक्के झाले का’ अशी विचारणा डिस्कला होते. कपॅसिटर असलेली एसएसडी तिला लगेच होकार देऊ शकते, म्हणून सुरक्षिततेबरोबर वेगही मिळतो. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क विखुरलेली वाचन-लेखने सेकंदाला जेमतेम शंभरेक करते, त्यामुळे ती बॅकअपसाठी ठेवावी.

रेडची, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून त्यांतली एक बिघडली तरी डेटा टिकवण्याची, कल्पना पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी बर्कली येथून १९८८ च्या शोधनिबंधात मांडली. छोट्या सर्व्हरला तिचा सर्वांत साधा प्रकार, म्हणजे दोन डिस्कवर एकसारखी नक्कल, पुरेसा आहे. ही नक्कल सॉफ्टवेअरने केलेली बरी. रेड सांभाळणारे कार्ड जळाले तर बहुधा तशाच कार्डाचा शोध घ्यावा लागतो, सॉफ्टवेअर रेडच्या डिस्क मात्र दुसऱ्या यंत्रात लावूनही वाचता येतात. दोन्ही डिस्क एकाच बॅचच्या नसाव्यात. चुकून पुसलेला मेलबॉक्स दोन्हीकडून पुसला जातो, त्यामुळे वेगळा बॅकअप लागतोच.

मेमरी ईसीसी, म्हणजे स्वतःच्या चुका ओळखून दुरुस्त करणारी, असावी. तिच्यात जादा बिट असतात, उदाहरणार्थ मेमरीच्या डीडीआर४ पिढीत ६४ बिटांमागे ८. एका बिटची चूक दुरुस्त होते, दोन बिटांची निदान लक्षात येते. गूगलच्या सर्व्हरांवरील २००९ च्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक मेमरी मॉड्यूलमध्ये चुका आढळल्या होत्या. त्यानंतरच्या डीडीआर५ पिढीच्या चिपमधील अंगची दुरुस्ती ही याची जागा घेत नाही, कारण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवरील चुका तिला दिसत नाहीत. काही मदरबोर्डांत ईसीसी मॉड्यूल बसते पण दुरुस्ती चालत नाही. ती चालू असल्याची खात्री ऑपरेटिंग सिस्टिममधूनच करावी.

जाहिरातीतील आकडे जपून वाचावेत. ‘एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) १० लाख तास’ म्हणजे डिस्क ११४ वर्षे टिकते असे नाही. अशा खूप डिस्क एकत्र चालवल्या तर वर्षाला शंभरात सुमारे ०.९ बिघडतील, एवढाच त्याचा अर्थ. ‘८० प्लस’ची मोहोर पॉवर सप्लायची कार्यक्षमता सांगते, टिकाऊपणा नाही. यूपीएस वेगळा लागतोच. यंत्र दूर असेल तर आयपीएमआयसारखी दूरनियंत्रणाची सोय फार उपयोगी पडते, पण ती थेट इंटरनेटवर उघडी ठेवणे धोक्याचे.

मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेले सर्व्हर स्वस्त मिळतात आणि ईसीसी, दुहेरी पॉवर सप्लाय त्यांत आयतेच असतात. मात्र पंख्यांचा आवाज आणि विजेचा खर्च सोसावा लागतो. सतत १०० वॅट खेचणारे यंत्र वर्षाला ८७६ युनिट वीज घेते. त्यांतल्या जुन्या डिस्क सरळ बदलाव्यात. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवते त्या, नोंदींवर विसंबणे पुरेसे नाही, कारण गूगलच्याच २००७ च्या अभ्यासात बिघडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी महत्त्वाच्या नोंदींत आगाऊ इशारा दिला नव्हता. यंत्र नवे असो वा जुने, मेलबॉक्स त्यावर हलवण्यापूर्वी दिवसभर मेमरी चाचणी चालवावी, डिस्क पूर्ण लिहून-वाचून पाहाव्यात आणि एकदा चालू लेखनात मुद्दाम वीज तोडून सर्व डेटा जागेवर आहे का ते तपासावे.